ओळखीचे लोक एमएलएममध्ये (मल्टी-लेव्हल मार्केटिंग, म्हणजे सदस्यांनी माल घ्यायचा, विकायचा आणि नवे सदस्य जोडून त्यांच्या खरेदीवर कमिशन मिळवायचे अशी साखळी योजना) यायचा आग्रह करत आहेत. यातून खरंच कमाई होते का, आणि हे योग्य आहे का?

बहुतेकांची कमाई होत नाही, उलट पदरचे पैसे जातात. म्हणून स्पष्ट नाही म्हणा. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांचे हित जपणाऱ्या सरकारी संस्थेने) २०२४ साली अशा ७० कंपन्यांनी स्वतःच जाहीर केलेले उत्पन्नाचे आकडे तपासले, तेव्हा बहुसंख्य सदस्यांची वर्षाची कमाई १,००० डॉलर किंवा त्याहून कमी निघाली. तीही बहुतेक ठिकाणी खर्च वजा न करता. कारण साध्या गणितात आहे: प्रत्येकाने ६ जण जोडायचे ठरवले तर तेराव्या पायरीवर १,३०६ कोटी माणसे लागतात. जगात तेवढी माणसेच नाहीत! भरती कुठेतरी थांबते, शेवटी आलेल्यांच्या घरात न खपलेला माल पडून राहतो, आणि वरच्यांचे कमिशन त्याच मालावर आधीच निघालेले असते. मला सर्वांत खटकते ते हे, की हा तोटा तुमच्यावर विश्वास ठेवणाऱ्या बहिणीच्या किंवा मित्राच्या माथी बसतो. एक अपवाद मात्र आहे: सदस्य नसलेले ग्राहक तो माल आहे त्या किमतीला आपणहून घेत असतील आणि तुमचे उत्पन्न त्या विक्रीतूनच येणार असेल, तर ते विक्रीचे काम म्हणून करायला हरकत नाही. अशी विक्री एकूण किती होते, ते आधी लेखी मागा.