जुन्या कृष्णधवल मालिकेतल्या बाईचा बॅले शिकताना पाय दांडीत अडकतो, तो भाग कोणता?

तो ‘आय लव्ह लुसी’चा ‘द बॅले’ हा भाग, फेब्रुवारी १९५२ मधला. नवरा रिकीच्या कार्यक्रमात झळकायचंच म्हणून लुसी बॅले शिकायला जाते. कडक शिक्षिका झाली आहे मेरी विक्स. लुसी झालेल्या लुसील बॉलचा पाय दांडीवर अडकतो तो प्रसंग नुसत्या शरीराच्या हालचालींवर उभा आहे. संवाद कळले नाहीत तरी हसू येतंच. आणि मालिका प्रेक्षकांसमोर, एकाच वेळी तीन कॅमेऱ्यांनी फिल्मवर टिपली जायची, त्यामुळे ऐकू येतं ते समोर बसलेल्यांचं हसणं. पुढे बॅले सोडून ती विनोदी नटाकडून जुना प्रहसनाचा खेळ शिकते आणि तोच ऐन बॅलेच्या मंचावर करते. शेवट चुकवू नका, माझ्या मते भागातली सगळ्यात भन्नाट जागा तीच.