मी ऑटिस्टिक आहे, मागून कोणी हाक मारली तरी जागेवरून उडतो. ही सवय कशी मोडायची?

तुम्ही दोन गोष्टी लिहिल्या आहेत. ऑफिसात मागून कोणी नाव घेतलं की हातातलं खाली पडतं आणि सगळे हसतात, ही एक. वडील म्हणतात, "मन घट्ट कर, होईल सवय," ही दुसरी. पहिलीकडे नंतर येते. दुसरीवर आधी बोलायचंय, कारण ते वाक्य ऐकत मी लहानाची मोठी झाले.

सवय होत नाही. मला तरी झाली नाही. आणि घरचे मुद्दाम ती करून द्यायला गेले, तेव्हा होतं त्यापेक्षा जास्त बिघडलं.

मी इचलकरंजीची. राहायला वर, खाली शेड, शेडमध्ये सोळा साधे माग. चालू शेडमध्ये शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागतं, एवढा खडखडाट. तो ऐकत मी रोज झोपायचे. उलट रात्री लाइट गेली आणि माग थांबले की मला जाग यायची. आणि हीच मी, स्वयंपाकघरात वाटी पडली की किंचाळायचे. शेड आमचे थोरले काका बघायचे, आप्पा. त्यांचं म्हणणं एवढंच: "सोळा मागांच्या आवाजात झोपतीस, आणि वाटी पडली की उडतीस? नाटक नाही तर काय हे?"

मी अकरा वर्षांची असताना भाऊबीजेला आत्या आल्या होत्या. सात कपांचा ट्रे घेऊन मी स्वयंपाकघरातून बाहेर येत होते. दाराआड चुलतभाऊ टिकल्यांचं पिस्तूल घेऊन उभा होता, त्याने ते माझ्या कानामागे उडवलं. पुढचं मला तुकड्यांतच आठवतं. ट्रे माझ्या हातात तसाच होता, रिकामा. चहा शहाबादी फरशीच्या सांध्यातून रांगोळीकडे निघाला होता आणि कडेचा केशरी रंग त्यात विरघळत होता. आजी पाय धरून बसली होती. तिच्या पावलावर फोड आले. भावाला कोणी काही बोललं नाही. मला बोलले, की एवढी घोडी झालीस, साधा ट्रे धरता येत नाही.

त्या संध्याकाळी आप्पांनी ठरवलं की पोरीची भीती मोडायची. उरलेली सगळी सुट्टी ते कधीही मागून यायचे. कधी टाळी, कधी डब्याचं झाकण, कधी मागाचा पाना लोखंडी खांबावर. वाईट माणूस नव्हेत ते. मला धीट करत होते, असंच त्यांना वाटत होतं. चौथ्या दिवसापासून मी घरात भिंतीला पाठ लावून चालायला लागले. झोप गेली. आधी ज्या आवाजांचं मला काही वाटत नव्हतं, कडी सरकवल्याचा, नळाचा, त्यांनीही अंग उडायला लागलं.

मग मला एक जागा सापडली. शेडच्या कोपऱ्यात, कापडाच्या ताग्यांच्या ढिगाआड. पाठीला भिंत, दोन्ही बाजूंना तागे, समोर माग. तिथे टाळी ऐकूच यायची नाही. दुपारभर मी तिथे पडून राहायचे. आप्पांनी एकदा पाहिलं, वर आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "बघा, आवाजाचं काही नाही हिला." त्यांना तो पुरावा वाटला. अकराव्या वर्षी माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता आहे, म्हणून लिहितेय.

दचकणं ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. आवाज कानातून मेंदूच्या देठात जातो आणि तिथूनच थेट मान, खांदे, पापण्यांच्या स्नायूंना हुकूम सुटतो. पापणी साधारण ३० ते ४० मिलिसेकंदांत मिटायला लागते. "अरे, ही तर वाटी" हा विचार त्यानंतर येतो. मन घट्ट करायला मन त्या वेळी तिथे पोचलेलंच नसतं. चार्ल्स डार्विनने हे स्वतःवर करून पाहिलं होतं. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात विषारी सापाच्या पेटीच्या जाड काचेजवळ तोंड नेऊन तो उभा राहिला, काही झालं तरी मागे हटायचं नाही असं पक्कं ठरवून. सापाने झडप घातली आणि डार्विन एक-दोन यार्ड मागे उडाला. निर्धार कामी आला नाही, असं त्याने स्वतःच १८७२ साली छापून ठेवलं. त्याला कोणी नाटकी म्हणत नाही.

आणि आप्पांचा सोळा मागांचा मुद्दा. माग मोठ्याने वाजतात, पण अचानक वाजत नाहीत. एकसारखा खडखडाट असतो, आणि मधले सगळे लहान आवाज तो गिळून टाकतो. अंग उडतं ते आवाज कुठून तरी एकदम फुटतो म्हणून. लोकांना नेमकं हेच कळत नाही, आणि मग "ढोल-ताशात तर उभी होतीस की" असं ऐकावं लागतं.

सवयीचं म्हणाल, तर निवांत बसलेल्या माणसाला तोच आवाज पुन्हा पुन्हा ऐकवला तर दचकणं कमी होतं, हे खरं. पण आता काहीतरी होणार या धास्तीत असलेलं शरीर जास्त जोराने दचकतं, हेही प्रयोगांत वारंवार दिसलंय. आप्पांनी पंधरा दिवस माझी धास्तीच वाढवली. त्यात आपली सुरुवातच वेगळी. जपानमध्ये मुलांच्या पापण्यांची हालचाल मोजली, तेव्हा ऑटिस्टिक मुलं हलक्या आवाजांनाही इतरांपेक्षा जास्त दचकताना आढळली. संवेदनांची ही तीव्रता ऑटिझमच्या निकषांत, म्हणजे डीएसएम या मानसिक आजारांच्या अमेरिकन निदान-पुस्तकाच्या पाचव्या आवृत्तीत, २०१३ साली आली. माझं निदान छत्तिसाव्या वर्षी झालं. तोवर मी भित्री होते.

आता तुमचं ऑफिस. पाठ भिंतीकडे येईल अशी जागा मागून घ्या. मिळाली नाही तर मॉनिटरच्या कोपऱ्यावर छोटा आरसा चिकटवा, येणारा माणूस आधी दिसतो. माझ्यापुरता सगळ्यात जास्त फरक या आरशाने पडला. जवळच्या दोघा-तिघांना सरळ सांगा की समोरून या, मागून खांद्यावर हात ठेवू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, त्यामुळे हे मागताना उपकार मागितल्यासारखं बोलू नका. घरी कुकर लावला की मी ओट्यापाशीच थांबते. शिट्टीच्या आधी वाफ फुसफुसायला लागते, तो आवाज धरून ठेवला की शिट्टी अंगावर येत नाही. दुसऱ्या खोलीत असले की येते. आणि हसणाऱ्यांबरोबर हसू नका. मी बरीच वर्षं हसले, त्याने त्यांना परवानगी मिळाली.

इअरप्लग दिवसभर घालू नका, कान आणखी हळवे होतात. फटाके, मिरवणूक, एवढ्यापुरते ठेवा.

हे सगळं माझ्या अंगाचं सांगितलं. काही ऑटिस्टिक माणसं अजिबात दचकत नाहीत. थेरपिस्टबरोबर, आवाजाचं बटण तुमच्या हातात ठेवून केलेला सराव वेगळा, त्याला माझा विरोध नाही. आणि दचकल्यावर अंग ताठ होऊन तुम्ही ओंडक्यासारखे पडत असाल, किंवा हे एखाद्या अपघातानंतर, मारहाणीनंतर सुरू झालं असेल, तर ऑटिझमवर ढकलून गप्प बसू नका, डॉक्टरांना दाखवा. तशा दचकण्याची कारणं वेगळी असतात आणि त्यांना उपचारही आहेत.

आप्पा आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत. कानात बोळाही न घालता चाळीस वर्षं मागांत काढली, त्यात ऐकणं गेलं. मागच्या दिवाळीत मी त्यांच्या खोलीत गेले, हाक ऐकू आली नाही म्हणून मागून खांद्याला हात लावला. ते खुर्चीतून जवळजवळ उठलेच. चष्मा खाली पडला. छातीवर हात ठेवून बराच वेळ बसले आणि म्हणाले, "समोरनं येत जा की गं."

मी चष्मा उचलून दिला. त्या भाऊबीजेचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. आता मी दारातूनच खोलीतला दिवा एकदा बंद-चालू करते, त्यांनी मान वळवली की मग आत जाते.