तुटलेल्या लिंका सरसकट उडवू का?

प्रश्न: नमस्कार. माझ्या जुन्या लॅपटॉपवर डेबियन 12 (लिनक्सचा एक प्रकार) आहे, डिस्क फक्त 32 जीबीची, म्हणून पॅकेज टाकताना मी नेहमी 'नो इन्स्टॉल रेकमेंड्स' लावतो, म्हणजे नुसती शिफारस केलेली जादा पॅकेजं येत नाहीत. परवा साफसफाई करताना 'यूएसआर'मध्ये तुटलेल्या सिम्बॉलिक लिंका (ज्या फाइलकडे बोट दाखवतात ती फाइलच नाही अशा) शोधल्या तर पन्नासेक निघाल्या, बऱ्याचशा डॉक फोल्डरातल्या. मित्र म्हणतो फाइल शोधणाऱ्या फाइंड कमांडला डिलीट जोड आणि एका फटक्यात उडव. उडवू का? आणि एका पायथन लायब्ररीच्या डॉक्युमेंटेशनमधलं सर्च चालतच नाहीये, त्याचा याच्याशी काही संबंध असेल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर: नका उडवू. आणि हो, तुमच्या सर्चचा याच्याशी थेट संबंध असणार.

आधी जागेचं बघू, कारण तुमचा सगळा खटाटोप जागेसाठी चाललाय. सिम्बॉलिक लिंकमध्ये फक्त एक पत्ता लिहिलेला असतो, दुसरं काही नाही. तुमच्याच मशीनवर रूटमधल्या 'बिन'वर एलएस मायनस एल करून बघा, ती 'यूएसआर/बिन'कडे जाणारी लिंक आहे आणि साइज दिसेल 7 बाइट, म्हणजे इंग्रजीत स्लॅशसकट मोजलेली 7 अक्षरं. ईएक्सटी4 या फाइलसिस्टिमवर असा 60 अक्षरांपेक्षा छोटा पत्ता आयनोडच्या (फाइलची माहिती ठेवणाऱ्या नोंदीच्या) आतच मावतो, डिस्कचा वेगळा ब्लॉक लागतच नाही, त्यामुळे पन्नास काय पाचशे लिंका उडवल्या तरी तुमच्या हाती काही लागणार नाही. आणि त्या पत्त्यावर खरंच कुणी राहतं का हे लिंक बनवताना कर्नल (सिस्टिमचा गाभा) बघत नाही, म्हणून तर अशा लटकत्या लिंका तयार होतात.

आता तुमच्या लिंका का लटकल्या? पायथनच्या कितीतरी लायब्रऱ्यांचं डॉक्युमेंटेशन स्फिंक्स या टूलने बनवलेलं असतं आणि त्यात जेक्वेरी, सर्चटूल्स वगैरे जावास्क्रिप्ट फाइल्स येतात. प्रत्येक पॅकेजात त्यांची वेगळी कॉपी ठेवली तर सिक्युरिटीचा एक फिक्स शंभर ठिकाणी लावत बसावं लागेल, म्हणून डेबियनवाले ती कॉपी काढून तिथे लिंक ठेवतात आणि खरी फाइल 'लिबजेएस-स्फिंक्सडॉक' किंवा 'लिबजेएस-जेक्वेरी' या पॅकेजात असते. पद्धत चांगलीच आहे. पण काही पॅकेजांत या लिबजेएसला डिपेंड्समध्ये (हवंच अशा यादीत) न ठेवता नुसतं रेकमेंड्समध्ये (शिफारशीत) टाकलेलं असतं, तुम्ही रेकमेंड्स बंद केलंत, मग लिंक आली आणि फाइल आलीच नाही. ब्राउझर सर्चटूल्स मागतो, मिळत नाही, सर्च गप्प. 'लिबजेएस-स्फिंक्सडॉक' टाका, बहुतेक लिंका जागच्या जागी जिवंत होतील.

उरलेल्यांसाठी एकेक लिंक हातात घ्या. रीडलिंकने ती कुठे बोट दाखवतेय ते बघा, मग डीपीकेजी या पॅकेजांची नोंद ठेवणाऱ्या टूलला 'डीपीकेजी मायनस कॅपिटल एस' आणि लिंकचा पूर्ण पाथ दिलात की ती कुठल्या पॅकेजची आहे ते कळेल. लिंक जिकडे बोट दाखवते ती समोरची फाइल मात्र मशीनवर नाहीये, तर ती कुठल्या पॅकेजात येते हे डीपीकेजीला माहीत नसणार, त्यासाठी 'एपीटी-फाइल' टाकून त्याचं अपडेट करून सर्च करावं लागतं. एवढं करून समोरचं पॅकेज डिपेंड्समध्ये नाही आणि लिंकशिवाय प्रोग्रॅम अडतोय असं दिसलं तर तो पॅकेजचा दोष आहे, कृपा करून 'रिपोर्टबग'ने कळवा. डेबियनकडे 'प्युपार्ट्स' नावाचं टूल आहे, ते पॅकेज टाकून काढून बघतं आणि तुटक्या लिंकाही दाखवतं, पण अमुक लिंक तुटल्याने सर्च बंद पडलं हे वापरणाऱ्यालाच दिसतं. पॅकेजची लिंक हाताने उडवलीत तर नंतर लिबजेएस टाकूनही ती परत येत नाही, ते पॅकेजच रीइन्स्टॉल करावं लागतं.

होम फोल्डरात तर फाइंड-डिलीट अजिबात चालवू नका. फायरफॉक्सच्या प्रोफाइलमध्ये 'लॉक' नावाची लिंक असते, ती आयपी पत्ता आणि प्रोसेस नंबरकडे बोट दाखवते, तशी फाइल कुठेच नसते आणि असायचीही नसते. ईमॅक्स हा एडिटरही फाइल एडिट होत असताना अशीच लिंक ठेवतो. फाइंडच्या लेखी या दोन्ही तुटलेल्याच!

प्रश्न: जागा हवी होती म्हणून 'जेव्हीएम' (जिथे जावा बसतो तो फोल्डर) यामधला जावा 17 चा फोल्डर हाताने डिलीट केला. आता जावा लिहिलं की 'कमांड नॉट फाउंड' येतं, पण एलएस केलं तर 'यूएसआर/बिन'मध्ये जावा दिसतोय! (एक वाचक, लातूर)

उत्तर: एलएसला दिसतेय ती लिंक. ती जाते 'ईटीसी/ऑल्टरनेटिव्ह्ज'मधल्या दुसऱ्या लिंककडे, आणि ती दुसरी जाते तुम्ही उडवलेल्या फोल्डरात. 'नेमआय मायनस एल' चालवा, साखळी नेमकी कुठे तुटली ते ओळीओळीने दिसेल. जावा हवा असेल तर ओपनजेडीके 17 ची जी जी पॅकेजं आहेत ती एपीटीने (पॅकेज टाकणाऱ्या-काढणाऱ्या कमांडने) रीइन्स्टॉल करा, डीपीकेजीच्या हिशेबात ती अजून आहेतच, त्यामुळे नुसतं इन्स्टॉल म्हटलं तर तो 'आधीच आहे' म्हणून सोडून देईल. नको असेल तर एपीटीनेच पर्ज करा (सेटिंगसकट काढून टाका), म्हणजे ऑल्टरनेटिव्ह्जमधल्या लिंकाही सोबत जातील.