ग्लॅडिएटर, मल्ल आणि तालीम

प्रश्न असा आला आहे: प्राचीन रोमवर मराठीत लिहिताना 'ग्लॅडिएटर'ला, म्हणजे प्रेक्षकांपुढे शस्त्रं घेऊन झुंजणाऱ्या लढवय्याला, 'मल्ल' आणि त्यांच्या प्रशिक्षणशाळेला 'आखाडा' म्हटलं तर चालेल का?

मल्ल नको. आणि शाळेसाठी आखाड्यापेक्षा 'तालीम' कितीतरी चपखल आहे.

या शाळेला लॅटिनमध्ये 'लूडस' म्हणत. लूडस म्हणजे खेळ, आणि लूडस म्हणजेच शाळासुद्धा. रोमन पोरं जिथे अक्षरं गिरवायची तोही लूडसच. आता आपली तालीम बघा. मूळ अरबी शब्दाचा अर्थ शिक्षण; उर्दूत तो अजून तसाच आहे. मराठीत मात्र तालीम म्हटलं की लाल माती आणि जोर-बैठका डोळ्यांपुढे येतात. शिकणं आणि अंग कमावणं दोन्ही एका शब्दात नांदावं, हे दोन इतक्या दूरच्या भाषांत घडलेलं पाहून मला फार आनंद होतो.

तिथे शिकवणाऱ्याला 'डॉक्टर' म्हणत, 'शिकवणे' या क्रियापदावरून. त्याला बेलाशक 'वस्ताद' लिहा. वस्तादही मुळात फारसी उस्ताद, म्हणजे गुरूच. 'डॉक्टर' तसाच ठेवलात तर वाचकाला तो जखमा बांधणारा वाटेल. जखमा बांधणारे वैद्य वेगळे असत. प्राचीन काळचा प्रसिद्ध ग्रीक वैद्य गेलेन इ. स. 157 च्या सुमारास पर्गमम या आशिया मायनरमधल्या शहरात ग्लॅडिएटरांचाच वैद्य होता.

सराव चाले तो लाकडी तलवार आणि वेताची ढाल घेऊन, जमिनीत रोवलेल्या खांबावर वार करत. त्या खांबाला मल्लखांब म्हणू नका, त्यावर कुणी चढत नसे. लाकडी तलवारीचा खेळ समजावायला मात्र आपला फरीगदगा, म्हणजे ढाल-काठीचा खेळ, जवळचा आहे. खुराकात जव इतके असत की त्यांना 'होर्देआरिई' हे नावच पडलं होतं. मी तिथे 'जवखाऊ' लिहीन.

मग मल्ल का नको? मल्ल कुणाच्या मालकीचा नसतो. ग्लॅडिएटर बहुतेक गुलाम, युद्धकैदी किंवा शिक्षा झालेले गुन्हेगार. लानिस्ता नावाचा मालक त्यांना विकत घेई, भाड्याने देई. स्वखुशीने आलेल्यालाही शपथ घ्यावी लागे: मला जाळा, बांधा, फटके मारा, तलवारीने ठार करा, मी सोसेन. लोक त्याच्या नावाचा जयजयकार करत, पण कायद्याच्या नजरेत तो बदनाम. नगराचं पद त्याला मिळत नसे. इ. स. पू. 73 मध्ये इटलीतल्या कापुआच्या लूडसमधून पुढे गुलामांच्या बंडाचा नेता झालेला स्पार्टाकस आणि त्याचे सत्तरेक साथीदार निसटले, तेव्हा हाती लागलेली हत्यारं स्वयंपाकघरातल्या सुऱ्या आणि मांस भाजायच्या सळया होती. शस्त्र चालवायला शिकवायचं, पण शस्त्र हाती राहू द्यायचं नाही, अशी ती तालीम. हे सगळं 'मल्ल' शब्दात मावत नाही.

'खड्गयोद्धा'ही सुचवला जातो. ग्लॅडियस म्हणजे तलवार, तेव्हा व्युत्पत्तीला धरून आहे. पण जाळं आणि त्रिशूळ घेऊन उतरणारा रेटियारियस त्यात कसा बसवणार? म्हणून ग्लॅडिएटर तसाच राहू द्यावा. तुमचा 'आखाडा' मात्र वाया जात नाही, तो लढतीच्या जागेसाठी, अरीनासाठी वापरा. अरीना म्हणजे मुळात वाळू, रक्त टिपायला पसरलेली.