पुरातत्त्वाच्या नोकरीसाठी इंग्लंडला यावं का?

बडोद्यात पुरातत्त्वात एम.ए. झालं की लेकीला घेऊन इंग्लंडला नोकरीसाठी यावं का, असं तू विचारलंस. व्हिसाचे नियम सरकारी संकेतस्थळावर वाच. बाकीचं मी सांगते.

काम आहे. 1990 पासून इथे बांधकामाला परवानगी देताना जमिनीखालच्या अवशेषांचा विचार होतो आणि उत्खननाचा खर्च बहुधा बिल्डर उचलतो. मग कंत्राटासाठी कंपन्या भाव पाडतात आणि कात्री पगाराला लागते. नोकरी काही महिन्यांची, साइट संपली की दुसरं गाव.

माझा खरा राग कागदांवर आहे. आपल्याकडे मी हंगामच्या हंगाम साइटवर काढले. रोजाचे पैसे हातात मिळाले, दाखला कुणी दिला नाही. इथे तो अनुभव शून्य धरला. सुट्टीत फी भरून उत्खनन शिकायला जाणं ज्यांना परवडलं, त्यांचा मात्र धरला! आणि गंमत बघ, तिकडे मी वही-टेप घेऊन चराच्या काठावर उभी असायचे, घमेली गावातल्या बायका वाहायच्या. इथे डिग्रीवालेच फावडं मारतात, मीसुद्धा. बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्या आईला हे अजून सांगितलेलं नाही.

तरुण मुली या कामात भरपूर दिसतात. मुलं झाली की साइटवरून गळतात. व्हॅन पहाटे निघते, शाळा पावणेनऊला उघडते. देबला मित्रा 1981 साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पहिल्या महिला महासंचालक झाल्या हे आपण अभिमानाने सांगतो. पाळणाघराचं कोण बोलतं?

माझ्या लेकीच्या शाळेचं तर विचारूच नकोस. फॉर्मवर घरची भाषा मराठी लिहिली, तर तिला इंग्रजी न येणाऱ्या मुलांत बसवलं. बडोद्यात ती इंग्रजी माध्यमातच होती गं! अजून आठवलं की डोकं फिरतं.

एकटेपणा वाटतो. फोन कर, बोलू.

आमचं घरभाडं नवऱ्याच्या पगारातून जातं. माझ्या पगारात भाडं आणि पाळणाघर दोन्ही बसलं नसतं. या कामात टिकलेल्या माझ्या ओळखीच्या बहुतेक बायकांचं असंच आहे. म्हणून तुला सरळ ‘ये’ म्हणवत नाही. एकटीच्या पगारावर येणार असशील तर कंपनीकडून आधी लेखी घे: करार किती महिन्यांचा, व्हॅनमधला वेळ पगारात धरतात का, लांबच्या साइटवर राहण्याचा खर्च कोणाचा. आणि तिथून निघण्याआधी प्रत्येक साइटच्या संचालकांकडून सही-शिक्क्याचा दाखला घे, त्यांच्या मागे लागावं लागलं तरी.