‘एकूण दावे’: नग की रुपये?

प्रश्न सोलापूरच्या संख्याशास्त्राच्या विद्यार्थिनीचा आहे. वर्षभरात विमा कंपनीला क्लेमपोटी किती पैसे द्यावे लागतील, याचा अंदाज तिने ‘आर’ सॉफ्टवेअरमध्ये बांधलाय. शीर्षक दिलं ‘एकूण दाव्यांचे मॉडेल’, आणि वाचणारे विचारतात, ‘किती दावे?’ काय लिहावं?

घोळ अनेकवचनाचा आहे. ‘एकूण दावे चाळीस’ म्हटलं की आपण नग मोजतो. ‘एकूण दावा दहा लाखांचा’ म्हटलं की रुपये. ‘पाच लाखांचा दावा लावला’ ही कोर्टातली सवय. (गुरं बांधायच्या दाव्याशी याचं नातं नाही, हा अरबीतून आलाय.) पण पुढे प्रत्यय लागला की ‘दाव्याचे’ आणि ‘दाव्यांचे’ यांत एका अनुस्वाराचाच फरक उरतो, आणि टाइप करताना तोच आधी गळतो. म्हणून सरळ ‘दाव्यांची एकूण रक्कम’ लिहा. ‘एकूण नुकसान’ नको. नुकसानीतला काही भाग बऱ्याचदा पॉलिसीधारकालाच सोसावा लागतो.

नग आणि रुपये गणितातही वेगळेच ठेवावे लागतात. समजा, वर्षाला सरासरी ४० दावे आणि दर दाव्याला सरासरी २५,००० रुपये. अपेक्षित रक्कम १० लाख. रकमा एक्स्पोनेन्शियल (लहान दावे जास्त, मोठे कमी, असं वितरण) धरून दावे नेमके ४०च येणार म्हटलं, तर प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा चढउतार) सुमारे १.५८ लाख. दाव्यांची संख्याही पॉयसाँ (सरासरीभोवती दरवर्षी कमीजास्त होणारी) धरली की तेच २.२४ लाख! सरासरी जागची हलत नाही, पण कंपनीने गाठीशी किती ठेवायचं ते बदलतं. ‘आर’मध्ये ‘आरपॉइस’ या फंक्शनने आधी दाव्यांची पॉयसाँ संख्या काढायची, मग तितक्या रकमा काढून बेरीज, आणि हे हजारो वेळा (यालाच सिम्युलेशन म्हणतात). ‘आर’च्या ‘अ‍ॅक्चुअर’ पॅकेजमधलं ‘अ‍ॅग्रिगेटडिस्ट’ हे फंक्शन हेच काम विमागणितज्ञ पांजर यांच्या १९८१च्या सूत्राने सिम्युलेशनशिवायही करतं.

या गणितात दावे एकमेकांपासून स्वतंत्र धरलेत, म्हणून उदाहरण मात्र डाळिंबाच्या फळपीक विम्याचं घेऊ नका. हवामानावर आधारलेल्या त्या योजनेत भरपाई महसूल मंडळाच्या हवामान नोंदींवरून ठरते. सांगोल्यातल्या एखाद्या मंडळाला लागू झाली की तिथल्या सगळ्या विमाधारक बागांना एकदमच, मग दावे एकमेकांपासून स्वतंत्र कुठले? शेतकरीही ‘दावा’ म्हणत नाही, ‘विमा आला का?’ असंच विचारतो. त्यापेक्षा यंत्रमाग कारखान्यांचा आगीचा विमा घ्या. तिथे बहुतेक वेळा आग वेगळी, क्लेम वेगळा. फक्त रकमांना एक्स्पोनेन्शियल पुरणार नाही. एकच मोठी आग वर्षभराच्या बाकी क्लेमना भारी पडू शकते, तेव्हा मोठ्या रकमांना जास्त वाव देणारी लॉगनॉर्मल किंवा पॅरेटो वितरणं लावून बघा.