वाचकांचे प्रश्न: कॉलेजची इमारत आणि पंचायतीची तिजोरी

प्रश्न : गावात कम्युनिटी कॉलेजसाठी (गावातल्यांना व्यवसाय-कौशल्य शिकवणारं कॉलेज) इमारत बांधायचा विषय ग्रामसभेत आला. काही जण म्हणाले, पंचायतीनेच बांधावी. सरपंच म्हणाले, शिक्षण हे पंचायतीचं कामच नव्हे. खरं कोणाचं? (एक वाचक, पेडणे)

दोन्ही बाजू अर्ध्या बरोबर. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय आहेत. त्यातला १७ वा शिक्षणाचा आणि १८ वा तांत्रिक प्रशिक्षण व व्यवसाय शिक्षणाचा. म्हणजे विषय पंचायतीच्या कक्षेबाहेरचा नाही. पण ‘सोपवता येतील’ यातच सगळी मेख आहे. कलम २४३ जी प्रमाणे किती अधिकार द्यायचे ते राज्याचं विधिमंडळ ठरवतं.

त्यामुळे कॉलेज चालवणं एक आणि इमारत देणं दुसरं, ही फोड सभेतच करून घ्या. अभ्यासक्रम, परीक्षा, प्रमाणपत्र हे पंचायतीच्या हातात येणारच नाही. त्यासाठी गोवा विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालय हवं, नाहीतर कौशल्य अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र द्यायची मान्यता असलेली संस्था. पंचायतीने द्यायची ती जागा, भिंती आणि छप्पर. ‘गावात कॉलेज सुरू करावे’ असा ठराव झाला की फाईल बीडीओच्या (गटविकास अधिकाऱ्याच्या) टेबलावरून ‘अधिकारकक्षेबाहेर’ असा शेरा घेऊन परत येण्याची शक्यताच जास्त. त्याऐवजी मजकूर साधारण असा असावा: ‘सर्व्हे क्रमांक अमुक मधील इतके चौरस मीटर जागेत व्यवसाय शिक्षणासाठी सार्वजनिक इमारत बांधण्याचे काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात समाविष्ट करावे. इमारतीची मालकी पंचायतीकडे राहील. वापरासाठी मान्यताप्राप्त संस्थेशी लेखी करार केला जाईल.’ लांबलचक प्रस्तावना नको. सर्व्हे क्रमांक, क्षेत्रफळ आणि मालकी या तीन गोष्टी आल्या की पुरे.

प्रश्न : पैसा आणायचा कुठून? आमचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी आणि बांधकाम परवान्यांची फी. (पंचसदस्य, डिचोली तालुका)

एका ठिकाणाहून येणार नाही हे आधीच धरून चाला. १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी पंचायतींच्या अनुदानाची वाटणी ६० टक्के बद्ध आणि ४० टक्के अबद्ध अशी केली होती. बद्ध भाग पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांसाठीच. अबद्ध भाग स्थानिक गरजेच्या कामांना वापरता येतो, पण पगार आणि आस्थापनेचा खर्च त्यातून करता येत नाही. हा नियम सभेत मोठ्याने वाचून दाखवा, कारण वाद इथेच भरकटतो. इमारतीच्या निधीतून शिक्षकाचा पगार निघेल अशी समजूत घेऊन बरेच जण हात वर करतात. स्वच्छतागृहं आणि पावसाचं पाणी साठवण्याची टाकी मात्र बद्ध निधीच्या चौकटीत स्वतंत्र काम म्हणून मांडून बघता येते.

खासदार निधी वर्षाला ५ कोटी रुपयांचा असतो. तो टिकाऊ सार्वजनिक मालमत्तेला मिळतो, चालू खर्चाला नाही. लोकसभेचा खासदार मुख्यतः आपल्या मतदारसंघातलं काम सुचवतो, गोव्याचा राज्यसभेचा खासदार गोव्यात कुठेही. खासगी कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक दायित्वाचा) निधीही शिक्षण आणि कौशल्यासाठी चालतो.

तुम्ही डिचोलीचे, म्हणून एक वाट खास तुमच्यासाठी: जिल्हा खनिज प्रतिष्ठान. खाण कायद्यातल्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर खाणपट्टाधारकांना रॉयल्टीच्या प्रमाणात रक्कम या निधीत भरावी लागते. लिलावाने दिलेल्या पट्ट्यांसाठी ती रॉयल्टीच्या १० टक्के, जुन्या पट्ट्यांसाठी ३० टक्के. खाणबाधित भागात शिक्षण आणि कौशल्यविकास या दोन्ही गोष्टी त्याच्या अग्रक्रमाच्या यादीत आहेत. गाव बाधित क्षेत्रात येतं का ते आधी जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारा आणि उत्तर आल्यावरच एस्टिमेट काढा.

आता कोणी काढत नाही तो खर्च. वीजबिल, राखणदार, साफसफाई, दर दोन-तीन पावसाळ्यांनंतर रंग आणि गळती. संस्थेशी करार करताना यातलं काय कोण भरणार, मुदत किती वर्षांची, आणि अभ्यासक्रम बंद पडला तर इमारत किती दिवसांत पंचायतीकडे परत येणार, ही कलमं नसतील तर सही करू नका. अनुदान हप्त्यांनी येतं हेही धरा. पहिल्या हप्त्याचं विनियोग प्रमाणपत्र (पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) गेलं नाही की दुसरा अडकतो, आणि ठेकेदार जोते भरून निघून जातो.

प्रश्न : पसंत पडलेली जागा कोमुनिदादची आहे. ग्रामसभेचा ठराव पुरे ना? (वाचक, बार्देश)

नाही. कोमुनिदाद ही गावकारांची, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांची, सामायिक जमीन सांभाळणारी स्वतंत्र संस्था. तिचा कारभार १९६१ च्या संहितेप्रमाणे चालतो (पोर्तुगीज राजवटीने जाता जाता ठेवलेला कायदा, अजून जिवंत). पंचायतीचा ठराव तिला बांधत नाही. अर्ज, गावकारांच्या सभेचा निर्णय, प्रशासकाचं कार्यालय आणि सरकारची मंजुरी, अशी ती वाट आहे. वर्ष सहज जातं.

आधी एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीच्या हक्कनोंदीचा कागद) काढा. कब्जेदाराच्या रकान्यात कोण, कुळाच्या रकान्यात कोणाचं नाव आहे का, हे नीट बघा. कुळकायद्याने कुळाची झालेली शेतजमीन १९९१ च्या जमीन वापर कायद्याने शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. तिथे कितीही मोठा निधी आणलात तरी उपयोग नाही. बाकी शेतजमीन असेल तर नगर नियोजन खात्याकडून झोनिंग आणि मग जमीन महसूल संहितेच्या कलम ३२ खाली सनद, म्हणजे बिगरशेती वापराची परवानगी. सनद नसताना निविदा काढली आणि एकाने कोर्टात धाव घेतली, की काम स्थगितीत.

प्रश्न : कनिष्ठ अभियंत्याने एस्टिमेट दिलं आणि नंतर रक्कम वाढली. घोटाळा समजायचा का? (वाचक, फोंडा)

दर वेळी नाही. कागद घेऊन बसा. समजा, ३० विद्यार्थ्यांचे चार वर्ग प्रत्येकी ५० चौरस मीटरचे आणि एक ८० चौरस मीटरची स्वयंपाक कार्यशाळा. झाले २८०. व्हरांडे, जिना, स्वच्छतागृहं आणि भिंतींची जाडी धरून वर ४० टक्के, म्हणजे सुमारे ३९०. चौरस मीटरला ३०,००० रुपये दर धरला तर १ कोटी १७ लाख. दर जीएसटी सोडून असेल तर १८ टक्क्यांचे २१ लाख आणि बांधकाम कामगार उपकराचा १ टक्का वाढून आकडा १ कोटी ३९ लाखांवर जातो. फर्निचर, कुंपण, विहीर, वीजजोडणी अजून बाहेरच. म्हणून पहिला प्रश्न विचारायचा तो हाच: दर करासह की कर सोडून?

दुसरं, काँक्रीटचा दर्जा आणि सळईवरचं आच्छादन. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत भारतीय मानक ४५६ किमान एम ३० काँक्रीट (आकडा ताकदीचा, जास्त तितकं मजबूत) आणि ४५ मिलिमीटर आच्छादन मागतं. एम २० धरून एस्टिमेट आकर्षक दिसतं, पण काही वर्षांत सळई गंजून फुगते आणि छताचे पोपडे वर्गात पडतात. स्लॅबला किमान १०० सेंटिमीटरमागे १ सेंटिमीटर उतार आणि शेवटच्या बिलाआधी दोन दिवस पाणी साठवून गळतीची चाचणी, या दोन अटी निविदेतच घाला. नंतर तोंडी सांगून कोणी ऐकत नाही.

पावसामुळे आपल्याकडे जोते उंच घेतात. ६० सेंटिमीटर जोत्याला १ ला १२ उताराचा रॅम्प ७.२० मीटर लांब होतो, वर-खाली सपाट जागा वेगळी. नकाशात तो मागच्या दारी आणि दीड मीटरचा काढलेला दिसला तर तिथेच आक्षेप नोंदवा. त्या चढावरून व्हीलचेअर कोणी ढकलू शकत नाही.

प्रश्न : गावातली सरकारी मराठी प्राथमिक शाळा पटाअभावी बंद आहे. तीच का नको? (वाचक, सत्तरी)

हवीच, आणि नव्या बांधकामाआधी हाच पर्याय तपासावा. शिक्षण खात्याला लेखी विचारा: इमारतीचा ताबा कोणाकडे, संरचना तपासणी झाली आहे का, वापरायला देता येईल का. मंगलोरी कौलांचं छप्पर आणि चिऱ्याच्या भिंती असतील तर वासे-रिपांची वाळवी आणि भिंतीची ओल बघा. कौलं बदलणं स्वस्त, पाया खचला असेल तर मात्र सोडून द्या. शिवण, संगणक, हिशेबलेखन यांना शाळेची खोली पुरते. वेल्डिंग किंवा स्वयंपाक कार्यशाळेला वेगळी वीजजोडणी, धूर बाहेर जायची सोय आणि सांडपाण्याची वाट हवी. तेवढा खर्च एस्टिमेटमध्ये स्वतंत्र दाखवून घ्या.

प्रश्न : ठराव झाला, पण इतिवृत्तात वेगळंच लिहिलंय. (वाचक, बार्देश)

माहिती अधिकारात इतिवृत्ताची सही-शिक्क्याची प्रत मागा. ३० दिवसांत द्यावी लागते, नाही मिळाली तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. पुढच्या ग्रामसभेत मागचं इतिवृत्त कायम करताना दुरुस्ती लेखी द्या आणि पोच घ्या.